आधी समोरच्याची बाजू

चरकसंहिता हा वैद्यकाचा ग्रंथ. दोष, आहार, वनस्पती, रोगांची लक्षणं यांनी तो भरलेला आहे. पण विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात एके ठिकाणी विषय बदलतो आणि एका वैद्याने दुसऱ्या वैद्याशी वाद कसा करावा याचं तपशीलवार मार्गदर्शन सुरू होतं. कोणाशी बोलावं, कोणासमोर बोलावं, कधी गप्प राहावं, सरशी झाली तर कसं वागावं, हे सगळं त्यात आहे. त्यामागचं कारणही दिलेलं आहे. जाणकाराशी चर्चा केली की ज्ञान वाढतं, आधी शिकलेल्यातल्या शंका फिटतात, ज्यात शंका नव्हती ते आणखी पक्कं होतं आणि कधी न ऐकलेलं काही कानावर पडतं. रुग्णाच्या उशाशी दोन वैद्यांची मतं वेगळी पडली तर त्यातलं निदान एक चूक असणार, आणि ती चूक बोलण्यातून उघडी पडली नाही तर तिची किंमत रुग्ण मोजणार. वादाचं शास्त्र वैद्यकाच्या ग्रंथात यावं यात म्हणूनच नवल नाही.

ही चर्चा दोन प्रकारची असते, असं चरकसंहिता सांगते. एक संधाय संभाषा, म्हणजे सलोख्याची. दुसरी विगृह्य संभाषा, म्हणजे झुंजीची. सलोख्याची चर्चा कोणाशी करावी, तर जो जाणकार आहे, रागीट नाही, दुसऱ्याचं ऐकून घेतो आणि समजावलं तर समजून घेतो, अशाशी. त्याला मोकळेपणाने विचारावं, त्याने विचारलं तर मोकळेपणाने सांगावं, हार होईल म्हणून घाबरू नये आणि आपण वरचढ ठरलो तर चारचौघांत मिरवू नये. झुंजीचे नियम वेगळे. तिथे आधी प्रतिस्पर्ध्याचं बळ जोखायचं, सभा आपल्या बाजूची आहे, तटस्थ आहे की विरोधी आहे ते पाहायचं आणि मग त्याच्या दुबळ्या जागी घाव घालायचा. ज्याचा पाठांतराचा पाया कच्चा आहे त्याच्यापुढे लांबलचक सूत्रपाठ करावा, असाही सल्ला आहे. हे डावपेच लपवून ठेवले नाहीत, हे मला त्या ग्रंथाच्या प्रामाणिकपणाचं लक्षण वाटतं. माणसं दोन्ही तऱ्हांनी वाद घालतात. ज्याला त्यांच्यात राहायचं आहे त्याला दोन्ही ओळखता यायला हव्यात.

आपल्या घरातले, कचेरीतले, सोसायटीच्या सभेतले वाद बहुधा पहिल्या प्रकारचे म्हणून सुरू होतात आणि थोड्याच वेळात दुसऱ्या प्रकारात घसरतात. ही घसरण कुठून सुरू होते ते नेमकं दाखवता येतं, असं माझं मत आहे. समोरच्याचं म्हणणं त्याच्या पुऱ्या ताकदीनिशी समजून घेणं आपण सोडतो आणि त्याची आपल्याला सोयीची, फिकट आवृत्ती खोडायला लागतो, तिथून. आपल्याकडच्या शास्त्रग्रंथांच्या लेखनपद्धतीत यावर एक उपाय रूढ होता. ग्रंथकार स्वतःचा सिद्धान्त मांडण्याआधी विरोधकाची बाजू, म्हणजे पूर्वपक्ष, सविस्तर लिहीत असे. कधी कधी हा पूर्वपक्ष इतका जोरकस उतरतो की नवखा वाचक तेच ग्रंथकाराचं मत आहे असं समजून बसतो. आज आपण या पद्धतीकडे विद्वानांचा शिष्टाचार म्हणून पाहतो. माझं म्हणणं याहून कडक आहे. पूर्वपक्ष नीट मांडल्याशिवाय वादाला त्याचं कामच करता येत नाही. त्याशिवाय सत्य हाती लागत नाही आणि समोरचा माणूसही जागचा हलत नाही.

अक्षपाद गौतमाच्या नावावर असलेल्या न्यायसूत्रांत हा नियम दंडासकट येतो. वादात माणूस कुठे हरला असं धरावं, अशा २२ जागा तिथे सांगितल्या आहेत. त्यांना निग्रहस्थानं म्हणतात. त्यातलं एक अननुभाषण: प्रतिपक्षाचं विधान तीनदा सांगून झालं, सभेला ते कळलं, तरीही ज्याला ते परत म्हणून दाखवता आलं नाही तो हरला. त्याचं उत्तर किती बिनतोड होतं हा प्रश्न पुढचा. आधी तू काय ऐकलंस ते सांग. याला जोडूनच बोलणाऱ्यावरही बंधन आहे. ज्याचं बोलणं तीनदा सांगूनही सभेला आणि प्रतिपक्षाला कळलं नाही, तो बोलणाराच हरला, हे अविज्ञातार्थ. इमारतीच्या पुनर्विकासाच्या सभेत एफएसआय, टीडीआर आणि फंजिबल क्षेत्राची आकडेमोड भराभर सांगून, कोणाचा काही प्रश्न नाही असं गृहीत धरून ठराव मंजूर करून घेणारा सल्लागार या नियमाने हरलेला आहे. ही यादी वाचताना रोजचे आवाज कानात येतात. स्वतःवरचा दोष न खोडता ‘तू तरी कुठे वेळेवर येतोस?’ म्हणून तोच दोष समोरच्यावर टाकणं, ही मतानुज्ञा. सूत्रकाराच्या मते असं म्हणणाऱ्याने आपला दोष कबूल केला, म्हणून तो हरला. अडचणीत आल्यावर ‘मला आता काम आहे’ म्हणून उठून जाणं, हा विक्षेप. विषय सोडून भलतीकडे जाणं, हे अर्थान्तर. एवढ्या बारकाईने पराभवाच्या जागा आखणाऱ्यांना माणसाचा स्वभाव चांगला ठाऊक होता.

पण पूर्वपक्षाची इतकी गरज का पडावी? शहाण्या माणसाने एकट्याने शांतपणे विचार केला तर त्याला दोन्ही बाजू दिसणार नाहीत का? मानसशास्त्रातले प्रयोग याचं उत्तर बऱ्यापैकी स्पष्टपणे नकारार्थी देतात. पीटर वेसन यांनी १९६० च्या दशकात तयार केलेलं चार पत्त्यांचं एक कोडं प्रसिद्ध आहे. एक नियम दिलेला असतो आणि तो खरा आहे की नाही हे तपासायला कोणते पत्ते उलटावे लागतील ते सांगायचं असतं. सुशिक्षित माणसंही यात मोठ्या संख्येने चुकतात, कारण नियम खरा ठरवणारे पत्ते ती शोधतात. खोटा ठरवू शकणारा पत्ता त्यांना सुचत नाही. डेव्हिड मॉशमन आणि मॉली गील यांनी १९९८ मध्ये हेच कोडं महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना दिलं. एकेकट्याने सोडवणाऱ्यांपैकी सुमारे ९ टक्के बरोबर आले. पाच-सहा जणांनी एकत्र बसून सोडवलं तेव्हा सुमारे ७५ टक्के गट बरोबर आले. हुशारी तीच होती. फरक एवढाच की गटात कोणीतरी ‘हा पत्ता कशाला?’ असं विचारत होतं आणि कारण द्यावं लागत होतं.

२०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला दुसरा एक प्रयोग याहून बोलका आहे. त्यात लोकांकडून काही प्रश्नांची उत्तरं आणि त्यामागची कारणं लिहून घेतली. थोड्या वेळाने त्यांचीच कारणं, दुसऱ्या कोणाची तरी आहेत असं भासवून, त्यांना तपासायला दिली. ज्यांच्या ही अदलाबदल लक्षात आली नाही, त्यांच्यापैकी निम्म्याहून अधिक जणांनी स्वतःचीच कारणं कच्ची म्हणून फेटाळली. ह्यूगो मर्सिए आणि डॅन स्पर्बर या संशोधकांनी अशा पुराव्यांवरून एक मत मांडलं आहे. माणसाची तर्कशक्ती एकांतात सत्य शोधण्यासाठी घडलेली नाही, ती इतरांना पटवण्यासाठी आणि इतरांचं पटण्याजोगं आहे का हे तपासण्यासाठी घडली. म्हणून स्वतःच्या मताच्या बाबतीत ती आळशी असते आणि दुसऱ्याच्या मताच्या बाबतीत तल्लख. या उत्क्रांतीच्या कथेवर सगळ्यांचं एकमत नाही, पण आळस आणि तल्लखपणा यांची ही वाटणी प्रयोगांत दिसते, आणि आपल्या मुद्द्याला तेवढी पुरते. माझ्या मतातली भेग मला दिसणार नाही. ती विरोधकाला दिसते. त्याचं म्हणणं मी अर्धवट ऐकलं तर माझ्याच चुकीचा पत्ता मी हरवून बसतो.

महाराष्ट्रातल्या घराघरांत चालणारा एक वाद या कसोटीवर घासून पाहू. मुलाला मराठी माध्यमात घालायचं की इंग्रजी? मराठीच्या बाजूने बोलणारे बहुतेक वेळा असं धरून चालतात की इंग्रजी माध्यम निवडणारे पालक शेजाऱ्यांची नक्कल करत आहेत, त्यांना भाषेचं प्रेम नाही, त्यांना प्रतिष्ठा हवी आहे. एवढं धरलं की उत्तर सोपं होतं: मातृभाषेत संकल्पना लवकर समजतात, २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही शक्य तिथे निदान पाचवीपर्यंत मातृभाषेची शिफारस केली आहे, वगैरे. हे सगळं खरं असूनही पालक हलत नाहीत, कारण त्यांच्या प्रश्नाला कोणी हातच घातलेला नसतो. आता त्यांची बाजू तेच मांडतील तशी मांडून पाहा. अकरावीत विज्ञान घेतलं की पुस्तकं, व्याख्यानं, प्रवेशपरीक्षांची तयारी सगळं एका रात्रीत इंग्रजीत जातं आणि दहावीला उत्तम गुण मिळवलेलं मूल वर्गात तोंड उघडायला घाबरतं. नोकरीच्या मुलाखतीत ज्ञानाआधी उच्चार पाहिले जातात. आसपासच्या मराठी शाळेची पटसंख्या घसरलेली आहे, ती आणखी पाच वर्षं चालेल याची खात्री नाही. ज्यांच्या घरात तीन पिढ्या इंग्रजी आहे त्यांना मराठीचा आग्रह परवडतो, कारण त्यांचं मूल इंग्रजी घरीच शिकतं. ज्या आईवडिलांना इंग्रजी येत नाही त्यांच्या मुलाला शाळेशिवाय दुसरा दरवाजा नाही. हा शेवटचा मुद्दा तर न्यायाचा आहे, आणि मराठीवर प्रेम करणाऱ्याने त्याच्याशी प्रामाणिकपणे भिडायलाच हवं.

असा पूर्वपक्ष मांडला की वादाचा प्रश्नच बदलतो. भाषाप्रेम असावं की नसावं, हा प्रश्न बाजूला पडतो. त्याऐवजी अकरावीचा तो धक्का कसा सौम्य करता येईल, गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकवणाऱ्या सेमी इंग्रजी वर्गांनी तो कितपत सौम्य होतो, मराठी शाळेत इंग्रजी हा विषय चांगला शिकवणारे शिक्षक आहेत का, ही विशिष्ट शाळा कशी चालते, असे प्रश्न पुढे येतात. यांची उत्तरं शोधता येतात. त्या शोधातून पालकांचं मत मराठीकडे वळेलच असं नाही. कदाचित मराठीच्या बाजूने बोलणाऱ्याला कबूल करावं लागेल की या घरासाठी, या गावात, इंग्रजी शाळा हाच बरा पर्याय आहे. मी स्वतः मराठी माध्यमाच्या बाजूचा आहे आणि तरीही म्हणतो की ही शक्यता खुली ठेवल्याशिवाय पालकांशी बोलण्याचा हक्क आपल्याला नाही.

इथे पहिला आक्षेप येतो. घरात हे ठीक आहे. पण ग्रामसभेत, सोसायटीत, मतं वळवायची असताना विरोधकाची बाजू आपणच जोरकसपणे मांडली तर आपण त्याचाच प्रचार करतो. हा आक्षेप तपासून पाहिलेला आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी अमेरिकी सैन्याला एक प्रश्न पडला होता: जर्मनी हरल्यावर जपानशी युद्ध लवकर संपेल या समजुतीत सैनिक ढिले पडतील, तेव्हा युद्ध लांबेल हे त्यांना कसं पटवावं? कार्ल हॉवलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सैनिकांना रेडिओवरची दोन प्रकारची भाषणं ऐकवली, एक एकतर्फी आणि एक विरोधी मुद्दे मान्य करून त्यांना उत्तर देणारं. १९४९ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे होते: जे आधीच सहमत होते त्यांच्यावर एकतर्फी भाषण जास्त चाललं; जे असहमत होते त्यांच्यावर आणि जास्त शिकलेल्यांवर दुतर्फी. पुढे १९५३ मध्ये असंही दिसलं की दुतर्फी मांडणी ऐकलेले लोक नंतर विरोधी प्रचार कानी पडला तरी टिकून राहतात. या विषयावरच्या नंतरच्या अनेक अभ्यासांचं एकत्र विश्लेषण झालं, त्यातून एक महत्त्वाची अट स्पष्ट झाली. विरोधी मुद्दा मांडून त्याला उत्तर दिलं तर दुतर्फी मांडणी एकतर्फीपेक्षा सरस ठरते. नुसता मांडून सोडून दिला तर ती एकतर्फीपेक्षाही कमी पडते. म्हणजे आक्षेपात अर्धं तथ्य आहे. पूर्वपक्षामागून खंडन यायलाच हवं, आणि जिथे खंडन जमत नाही तिथे आपलं मत बदलण्याची वेळ आलेली आहे.

दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे: समोरच्याची बाजू समजून घ्यायची, पण त्याची गृहीतकंही मान्य करायची का? एकोणिसाव्या शतकातल्या सुधारकांपुढे हाच पेच होता. ईश्वरचंद्र विद्यासागरांनी १८५५ मध्ये विधवाविवाहाची बाजू मांडताना पराशरस्मृतीचा आधार घेतला. पुढच्याच वर्षी कायदा झाला. महाराष्ट्रात विष्णुशास्त्री पंडितांनी त्यांचं लेखन मराठीत आणलं आणि शास्त्रांच्या आधारेच लढा दिला. १८९१ मध्ये संमतिवयाची मर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेणाऱ्या विधेयकाच्या वेळी रा. गो. भांडारकरांनी धर्मशास्त्रातले आधार काढून दाखवून दिलं की या सुधारणेला शास्त्राची आडकाठी नाही, आणि टिळकांशी त्यांचा वाद झडला तो वचनांच्या अर्थावर. आगरकरांना ही वाट मान्य नव्हती. १८८८ मध्ये सुरू केलेल्या ‘सुधारका’तून त्यांनी मांडलेली भूमिका अशी की जे माणसाच्या हिताचं आणि बुद्धीला पटणारं आहे ते करावं; शास्त्र अनुकूल असेल तर उत्तम, नसेल तर शास्त्र बाजूला ठेवावं.

यात बरोबर कोण? ज्याला शास्त्र प्रमाण आहे त्याच्याशी बोलताना शास्त्रातून बोलणं याला मी लबाडी मानत नाही, कारण भांडारकरांनी वचनांचा खोटा अर्थ लावलेला नव्हता. विरोधकाच्याच जमिनीवर उभं राहून त्याचा निष्कर्ष सुटत नाही हे त्यांनी दाखवलं. पण आगरकरांचं भय खरं होतं. आज शास्त्रात आधार सापडला म्हणून सुधारणा केली, तर उद्या आधार न सापडणारी सुधारणा कशी करणार? आपण ज्या कसोटीला शरण जात नाही ती कसोटी मान्य असल्यासारखं बोललो, तर एक वाद जिंकून दहा वाद हरण्याची तयारी केलेली असते. माझा कल असा: समोरच्याची गृहीतकं वापरावीत, पण ती त्याची आहेत हे उघड सांगून. ‘तुम्ही हे मानता, मी मानत नाही, पण तुमच्या मानण्यातूनही हा निष्कर्ष निघत नाही,’ असं म्हणता येतं. हे म्हटल्याने परिणाम थोडा कमी होत असेल तर होवो.

पूर्वपक्षाने माणूस मवाळ होतो, सगळ्यांचंच थोडं थोडं खरं म्हणू लागतो, हा समज फार पसरलेला आहे. त्याला सर्वांत सबळ उत्तर आपल्याच इतिहासात आहे. लाहोरच्या जातपाततोडक मंडळाने १९३६ च्या वार्षिक परिषदेचं अध्यक्षपद डॉ. आंबेडकरांना दिलं, भाषणाचा मसुदा पाहिल्यावर त्यातला काही मजकूर वगळावा असा आग्रह धरला, आंबेडकरांनी नकार दिला आणि परिषदच रद्द झाली. ते न झालेलं भाषण त्यांनी स्वखर्चाने छापलं. महात्मा गांधींनी जुलै १९३६ मध्ये ‘हरिजन’मधून त्यावर टीका केली. १९३७ मध्ये दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा आंबेडकरांनी गांधींचे लेख त्याच पुस्तकात छापले आणि त्याखाली आपलं उत्तर दिलं. उत्तराची रचना पाहण्यासारखी आहे. आधी त्यांनी आपल्या भाषणातले मुद्दे क्रमाने सांगितले, मग गांधींचे आक्षेप एकेक करून घेतले: उद्धृत केलेली वचनं अस्सल नाहीत, शास्त्रांचा अर्थ संतांच्या आचरणातून लावावा, धर्माची पारख त्याच्या उत्तम माणसांवरून व्हावी. प्रत्येकाला स्वतंत्र उत्तर आहे, आणि ते कठोर आहे. कोणालाही चुचकारलेलं नाही. वाचकाच्या हातात मात्र दोन्ही बाजू आहेत, विरोधकाची त्याच्याच शब्दांत. आंबेडकरांना आपल्या युक्तिवादावर किती भरवसा होता हे मला त्या एका संपादकीय निर्णयातून सर्वांत जास्त जाणवतं. ज्याला आपलं म्हणणं तकलादू वाटतं तो विरोधकाचा लेख आपल्या पुस्तकात छापत नाही.

तिसरा आक्षेप रोजच्या अनुभवातून येतो: माणसं युक्तिवादाने बदलतच नाहीत, भावनेने बदलतात, उलट पुरावा दाखवला की आणखी हट्टाला पेटतात. यातला दुसरा भाग निदान अतिशयोक्त आहे. २०१० मध्ये एका अभ्यासात काही लोकांबाबत असा उलटा परिणाम दिसला आणि ती कल्पना जगभर पसरली. पण पुढे थॉमस वुड आणि ईथन पोर्टर यांनी दहा हजारांहून अधिक लोकांवर डझनावारी विषयांत तपासलं, तेव्हा तो परिणाम जवळपास सापडलाच नाही. दुरुस्ती दाखवली की बहुतेक लोक तेवढ्या तथ्यापुरती ती स्वीकारतात. त्यांची निष्ठा त्याने बदलत नाही, हे मात्र खरं, कारण निष्ठा त्या एका तथ्यावर उभी नव्हती. भावनेबद्दलचा पहिला भाग खरा आहे आणि तो माझ्या मुद्द्याला पाठिंबाच देतो. डेव्हिड ब्रूकमन आणि जोशुआ काला यांनी मायामी शहरात केलेला, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग पाहा. स्वयंसेवक घरोघरी जाऊन तृतीयपंथीयांविषयीच्या पूर्वग्रहाबद्दल सुमारे दहा मिनिटं बोलले. त्यांनी व्याख्यान दिलं नाही. समोरच्याला त्याचं मत विचारलं, मग तो स्वतः कधी वेगळा म्हणून हिणवला गेला होता का ते आठवायला सांगितलं, आणि ऐकून घेतलं. पूर्वग्रहात झालेली घट निदान तीन महिने टिकली. समोरच्याच्या मताला त्याच्या आयुष्यात कुठे मूळ आहे, हे शोधणं हाही पूर्वपक्षच आहे, फक्त तो विधानांच्या खाली एक थर उतरून केलेला.

सर्वांत गंभीर आक्षेप सत्तेचा आहे. सून आणि सासू, कनिष्ठ आणि साहेब, शेतमजूर आणि जमीनदार यांच्यात कसला वाद? दुबळ्याने सबळाची बाजू समजून घ्यावी हा उपदेश त्याला आयुष्यभर मिळतच असतो. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात या अडचणीला थेट तोंड फोडलेलं आहे. ग्रीक वंशाचा राजा मिलिंद भिक्षू नागसेनाला चर्चेला बोलावतो, तेव्हा नागसेन अट घालतो: पंडित चर्चा करतात तशी करणार असशील तर करू, राजे करतात तशी नाही. पंडितांच्या चर्चेत गुंतागुंत सोडवली जाते, चूक दाखवली जाते, मान्य केली जाते आणि कोणी रागावत नाही. राजे मात्र आपलं मत मांडतात आणि जो असहमत होईल त्याला शिक्षा करतात. राजाने ती अट मान्य केली, मगच ग्रंथ पुढे जातो. म्हणजे वादाला आधी जागा तयार करावी लागते, आणि ती तयार करण्याची जबाबदारी ज्याच्या हाती शिक्षा आहे त्याची. दुबळ्या माणसाला सबळाचा पूर्वपक्ष पाठच असतो. त्याच्या जगण्याची ती अट आहे. साहेबाला कनिष्ठाची बाजू म्हणून दाखवायला सांगा, घरातल्या कर्त्या पुरुषाला बायकोची बाजू तिला मान्य होईल अशी मांडायला सांगा, तेव्हा कळेल की आजवर ती ऐकलीच गेलेली नव्हती. पूर्वपक्षाचा नियम आधी वरच्याला लागू व्हायला हवा. जिथे वरचा तो पाळत नाही तिथे खालच्याने युक्तिवाद थांबवून संप, मोर्चा, न्यायालय यांकडे जाणं हा अविवेक नाही.

मग लबाडांचं काय करायचं? न्यायसूत्रं वादाचे तीन प्रकार करतात: सत्य ठरवण्यासाठीचा वाद, जिंकण्यासाठीचा जल्प, आणि स्वतःची बाजू काहीच न मांडता केवळ दुसऱ्याची खोडणारी वितंडा. जल्पात छलाला, म्हणजे शब्दाचा मुद्दाम भलता अर्थ घेण्याला, जागा असते. त्याचं जुनं उदाहरण प्रसिद्ध आहे: कोणी म्हटलं, या मुलाकडे नव कंबल आहे, म्हणजे नवं कांबळं, तर समोरचा विचारतो, नऊ कुठे आहेत? वृत्तवाहिन्यांच्या रात्रीच्या चर्चा ऐकताना हे उदाहरण इतकं जुनं वाटत नाही. तरीही सूत्रकार जल्प आणि वितंडा यांना सरसकट त्याज्य ठरवत नाही. कोवळ्या अंकुराच्या रक्षणासाठी काटेरी फांद्यांचं कुंपण घालतात, तसा सत्याच्या निश्चयाच्या रक्षणासाठी त्यांचा उपयोग आहे, असं तो म्हणतो. मला हे मान्य आहे, एका मर्यादेपर्यंत. ज्याला आपलं म्हणणं बदलायचंच नाही त्याच्याशी बोलायचं तर ते त्याच्यासाठी नसतं, ऐकणाऱ्यांसाठी असतं, आणि तेव्हाही पूर्वपक्ष सोडून चालत नाही. ऐकणारा अजून तळ्यात-मळ्यात असतो. विरोधकाचं म्हणणं आपण मोडतोड करून सांगितलं हे त्याच्या लक्षात आलं, तर आपल्या पुढच्या खऱ्या मुद्द्यावरही तो विश्वास ठेवणार नाही.

सभा पाहून बोलावं, हा चरकसंहितेचा सल्ला आज सर्वांत जास्त उपयोगी पडतो तो नात्यातल्या व्हॉट्सअॅप गटांवर. मधुमेहाच्या गोळ्या सोडून अमुक काढा घ्या, असा मजकूर काका पुढे पाठवतात आणि भाचा वीस नातेवाइकांसमोर तो खोटा असल्याचं सिद्ध करतो. त्या क्षणी काकांपुढे काढ्याचा प्रश्न उरत नाही, वीस जणांपुढच्या मानाचा प्रश्न उभा राहतो, आणि संधाय संभाषेची शक्यता संपते. गटावर, इतरांच्या हितासाठी, एवढंच लिहावं की डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणीही गोळ्या बंद करू नयेत. बाकीचं काकांना फोन करून बोलावं. ‘काका, गोळ्यांचा काही त्रास होतोय का?’ असं विचारलं तर कदाचित कळेल की गोळी घेतल्यावर त्यांना गरगरतं, किंवा महिन्याच्या औषधांचा खर्च मुलाकडे मागायला त्यांना संकोच वाटतो, किंवा त्यांच्या शेजाऱ्याने काढा घेतला आणि त्याची साखर खरंच उतरली. पहिल्या अडचणीवर डॉक्टर मात्रा बदलून देऊ शकतील, दुसरीवर घरात बोलता येईल, तिसरीत त्या शेजाऱ्याने काढ्यासोबत गोळ्या चालू ठेवल्या होत्या का, एवढं विचारून घेता येईल.